पस्तीस लिटरचे दोन ड्रम

पहाटे रात्रपाळी सुटली की
कानातला कापूस काढून खिशात टाकतो,
लुनाच्या दोन्ही अंगांना ड्रम बांधतो,
पायाशी व्हॅक्यूम. मंगळवार बाजारातला, जुना,
चालू केला की लूमसारखाच ओरडतो,
म्हणून मला तो लगेच कळला.

आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो.
कुठल्या घागरीला हात लावायचा नाही
हे पद्मिनी बिडीच्या सुपावरून
मान वर न करता सांगते.
परवा बोळाच्या तोंडाशी इरप्पा म्हणाला,
'प्यायला पाणी नाही, अन् तू गाड्यांना आंघोळ घालूलालास काय बे?'
मी लुनाला किक मारली.
बोअरचं आहे, खारं आहे, ड्रमला वीस रुपये मोजतो
हे सांगायचं राहून गेलं.

खारं पाणी काचेवर वाळलं तर पांढरे डाग.
झटक्यात पुसावं लागतं.
मी म्हटलं, पुसायची काय चिंता,
टॉवेलच्या गावात जन्मलोय.
तर जुळे सोलापुरातला एक इंजिनियर
हातभर लांब सरकला:
टॉवेल नको हो, ओरखडे येतात.
मायक्रोफायबर नाही का?

बारा तास विणतो मी तो टॉवेल.
जहाजात बसून जातो,
कुठल्या तरी देशात कुणाच्या ओल्या पाठीवर.
पाठीला ओरखडे येत नसतील?

घेतले मग. सहा. निळे.
पद्मिनीनं एक उलटापालटा केला,
नखानं काठ उचकटला,
'ह्यात उभा कुठाय, आडवा कुठाय?
नुसती लव.'

धुणं सोपं आहे.
दोन बादल्यांत अख्खी गाडी बसवतो आता,
टपापासून खाली, चाकं शेवटी.
अवघड ते आतलं.
सीटखाली हात घातला की माणूस लागतो हाताला:
शेंगांची टरफलं, अंगाऱ्याची पुडी,
दवाखान्याची पावती चार घड्या घातलेली.
एका वकिलाच्या गाडीत लहान मुलाचा एकच बूट.
त्यांचं पोर पुण्यात नोकरीला आहे.
सापडेल ते डॅशबोर्डवर मांडून ठेवतो.
विचारत नाही.

रविवारी फोन आला, होटगी रोडवरून.
गेलो तर येलदी शेठ. आमच्याच कारखान्याचे.
मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला नाही.
त्यांचाही दोष नाही त्यात,
बावीस वर्षं मी लूमकडं तोंड करून उभा आहे,
त्यांना माझी पाठच माहीत.

तीनशे ठरले, व्हॅक्यूमसकट.
ड्रायव्हरच्या सीटखाली, रुळात अडकून, एक कागद.
अठ्ठेचाळीस लूम. किलोचा भाव.
अक्कलकोट रोडच्या भंगारवाल्याची सही,
आणि तारीख, दिवाळीनंतरची.
माझा लूम सतरावा.
त्याचं वजन किती भरेल
हे कधी मनातच आलं नव्हतं.

नाणी, पेन, गोळ्यांची अर्धी पट्टी
वर मांडून ठेवली.
कागद तेवढा होता तिथं, होता तसा सरकवला.
मग काचा धरल्या. आतून, बाहेरून,
इतक्या की त्यांत मी दिसायला लागलो,
आणि माझ्या मागं, गच्चीच्या दोरीवर
आमचेच टॉवेल, सेकंड माल, वाळत घातलेले.

शेठ फिरून बघत होते. टायरला बोट लावून पाहिलं.
'हात साफ आहे तुझा. आधी काय करायचास?'

आधी.

'टॉवेल,' म्हणालो,
आणि ड्रमचं झाकण फिरवत राहिलो,
घट्ट बसलं होतं तरी.

पद्मिनीला कागदाचं बोललो नाही.
तिसऱ्या ड्रमचा भाव काढून आलोय, एवढंच सांगितलं.
तिचं हजारातलं सातवं शेकडं चाललं होतं.
दोरा गुंडाळला, टोक दाबलं,
बिडी ढिगावर टाकली, दुसरं पान उचललं,
आणि म्हणाली,
'लुनाला पेलेल?'